आधी काकूंचं नाव बघ

देजॉन,
१० जानेवारी

प्रिय मृणाल,

तुझा मेल मिळाला. कोरियातल्या एम.एस.च्या अर्जासाठी स्वतःची ओळख करून देणारा तो निबंध तू तीन आठवडे घासतेयस हे वाचून हसू आलं, कारण मीही तेच केलं होतं. निबंध ठेव बाजूला. आधी कपाटातली फाइल काढ आणि तुझ्या जन्मदाखल्यावर काकूंचं नाव काय आहे ते बघ.

चेष्टा नाही गं. इथे परदेशी विद्यार्थी म्हणून अर्ज करायचा तर तू आणि तुझे आईवडील, तिघंही कोरियाचे नागरिक नाही आहात हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणजे तुझा जन्मदाखला आणि दोघांचे पासपोर्ट. माझ्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरी ठेवलेलं, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरंच स्पेलिंग. प्रवेश कार्यालयातल्या बाईंचा मेल आला की ही आई नक्की एकच आहे ना? कोरियात बायका लग्नानंतर आडनावसुद्धा बदलत नाहीत. मग पहिलं नावही बदलतं हे त्यांना कसं पटावं! मी चार ओळींत आपल्याकडची पद्धत समजावली. उत्तर आलं, ‘समजलं, पण कागद पाठवा.’ नोटरीकडून प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, पुन्हा सगळ्याचं इंग्रजी भाषांतर. आई म्हणाली, तीस वर्षांत माझ्या माहेरच्या नावाची एवढी चौकशी कोणी केली नव्हती.

दुसरं काम अपोस्टिलचं, म्हणजे कागद खरा आहे असं परदेशात चालणाऱ्या सरकारी शिक्क्याचं. पदवीची आधी राज्याकडून, म्हणजे मंत्रालयातून पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल लागतो. माझ्या विद्यापीठाने अर्जाला स्कॅन चालवून घेतलं आणि अपोस्टिल प्रवेश मिळाल्यावर मागितला. सगळीकडे तसं नसतं. पदवीचं मूळ प्रमाणपत्र अजून विद्यापीठातच पडलं असेल तर या आठवड्यात आण.

तू जीकेएसचं, म्हणजे कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीचं विचारलंस. एम.एस.साठीची जाहिरात साधारण फेब्रुवारीत येते, म्हणजे तुझ्याकडे वेळ कमीच आहे. दिल्लीच्या दूतावासातून अर्ज केलास तर तीन विद्यापीठं निवडता येतात, थेट विद्यापीठातून केलास तर एकच. दोन्हीकडे करायचा मोह आवर, तसं केलं की अर्ज बाद होतो. मिळाली तर विमानभाडं, फी, महिन्याचा खर्च आणि पहिलं वर्षभर कोरियन भाषेचा वर्ग. त्या वर्षात टोपिकची, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेची, तिसरी पातळी गाठावी लागते. पाचवी आधीच असेल तर वर्गातून सुटका. तुझी सीरियल बघून झालेली कोरियन बोलायला गोड आहे, पण या टोपिकमध्ये बोलायचं नसतं, ऐकायचं, वाचायचं आणि लिहायचं असतं. शिफारसपत्रं बंद लिफाफ्यात लागतात. आमच्या सरांनी माझं पत्र प्रेमाने उघडंच हातात दिलं, ‘वाच, आवडतंय का बघ.’ पुन्हा त्यांच्या केबिनबाहेर दीड तास उभी राहिले.

सोलच हवं हा हट्ट मात्र सोड. सोल नॅशनल, योन्सेई, कोरिया युनिव्हर्सिटी ही नावं घरच्यांना सांगायला बरी. पण केमिस्ट्रीत एम.एस. करणाऱ्या मुलीचं आयुष्य विद्यापीठात नाही, प्रयोगशाळेत जातं. विज्ञान-तंत्रज्ञानाची नावाजलेली विद्यापीठं बघ: काइस्ट इथे देजॉनला आहे, पोस्टेक पोहांगला, दोन्ही सोलबाहेरच. मी चौदा प्राध्यापकांना लिहिलं. पहिले नऊ मेल एकाच साच्याचे होते, त्यांना उत्तर नाही. मग एकेकाचे दोन-दोन पेपर नीट वाचून पाचांना लिहिलं, तर दोघांनी उत्तर दिलं. होकार आला तरी लगेच हुरळू नकोस. त्यांच्याच लॅबमधल्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला विचार की रात्री किती वाजता सुटता आणि शनिवारी काय करता. जे प्राध्यापक सांगत नाहीत ते तिथे कळतं.

आणि घड्याळ! पहिल्या वर्षी माझा अर्ज का हुकला हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मुदत संध्याकाळी पाचची होती. मी निवांत जेवून दोनला लॅपटॉप उघडला. इथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असतं; इथले पाच म्हणजे आपला दुपारचा दीड. पोर्टल बंद. घरी सांगितलं, ‘यंदा जागाच कमी होत्या.’ सप्टेंबरची तुकडी गेली, मार्चची मिळाली. सहा महिने गेले ते असे.

व्हिसाचं नंतर बोलू. टीबीच्या तपासणीचं प्रमाणपत्र त्यांनी ठरवून दिलेल्या रुग्णालयातूनच लागतं, एवढं ध्यानात ठेव.

एक गंमत. इथल्या ओळखपत्रावर आडनाव आधी येतं, मग माझं नाव, मग बाबांचं. बँकेतल्या मुलाने ते सगळं मोठ्याने वाचलं आणि मी शाळेतल्या हजेरीसारखी ‘हजर’ म्हणणार होते. पण त्याच्या फॉर्ममध्ये नाव मावेना. शेवटी बाबा अर्धेच आत गेले.

काकूंना विचारून रविवारी फोन कर. रात्री दहानंतर नको, इथे दीड वाजलेला असतो.

तुझी,
रेवती