बंड्या, तुझं बिल नेमकं कुठे अडकलंय

विक्रोळी, मुंबई
१३ जुलै २०२५

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू आपटलास की नाशिकला रेंज गेली ते देव जाणे, मी आपटलास असंच धरलंय. बाबा म्हणाले जाऊ दे, पोरगा टेन्शनमध्ये आहे, पण तेहतीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेलेली बाई मी, मलाच माझ्या पोराने सरकारी बिल का अडतं ते शिकवायचं म्हणजे जरा अतीच झालं. म्हणून व्हॉट्सॲपवर लिहितेय, लांबलंच तर जेवताना वाच, गाडी चालवताना नको.

तुझा राग मला कळतो रे. रस्ता करून चौदा महिने झाले, मोऱ्या टाकल्या, त्यावरून एसट्या धावतायत आणि पैसे नाहीत. खडीवाला दारात, डांबरवाला फोनवर, आणि सूनबाईच्या पाटल्या बँकेत ठेवल्यास हे मला तिच्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही, त्याबद्दल वेगळं बोलू. पण "सगळं त्या लाडक्या बहिणींनी खाल्लं" हे जे तू तीनदा ओरडलास ना, तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि आपल्या भांडीवाल्या ताई ओट्याशीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नळ जरा मोठा सोडला एवढंच. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आता नीट ऐक. तिजोरीत पैसा येतो तेव्हा सगळ्या घेणेकऱ्यांचा मान सारखा नसतो, त्यांची रांग आधीच लागलेली असते आणि तू तिच्यात कुठे आहेस ते कंत्राटावर सही करताना तू बघितलंच नाहीस. बजेटच्या पुस्तकात दोन शब्द असतात, दत्तमत आणि भारित. दत्तमत म्हणजे ज्यावर आमदार मत देतात तो खर्च, आणि भारित म्हणजे ज्यावर मतच नाही, द्यायचाच, त्यात कर्जावरचं व्याज आलं, राज्यपालांचा खर्च आला, हायकोर्टाच्या जजचे पगार आले. नुसतं व्याजच यंदा साठ हजार कोटींच्या वर आहे. त्याच्या मागे पगार, त्याच्या मागे पेन्शन. ही तीन बिलं मिळून महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा घेऊन जातात आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, कारण त्यातली तिसरी मी आहे. माझी नोकरी २००५ च्या नोव्हेंबरच्या आधीची म्हणून मला जुनी पेन्शन, सातवा वेतन आयोगही रिटायर व्हायच्या आधी पदरात पडला, दर महिन्याला न चुकता बँकेत जमा होतात पैसे. माझी पेन्शन चौदा महिने थकली असं झालंय का कधी? मग तू मला का नाही ओरडलास?

थोडे आकडे सांगते, फार नाही. मार्चमध्ये अजितदादांनी जे बजेट मांडलं ते ७ लाख कोटींचं. त्यात महसुली जमा ५ लाख ६० हजार कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार कोटी, म्हणजे मधली ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट. रस्ते, धरणं, पूल अजून यायचेत हां, ही तूट नुसत्या रोजच्या खर्चातली. घरात किराणा आणि लाइटबिल भरायला सोसायटीच्या पतपेढीचं लोन काढावं तसं. घर घ्यायला कर्ज काढलं तर मागे घर तरी उरतं, किराण्याच्या कर्जामागे काय उरणार? ऋण काढून सण म्हणतात तो हा.

टीव्हीवर ते ९ लाख ३२ हजार कोटींच्या कर्जाचा आकडा लाल अक्षरांत फिरवतात आणि बाबा घाबरतात. त्याने मी एवढी घाबरत नाही. राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या, म्हणजे राज्याच्या जीडीपीच्या, तुलनेत ते १९ टक्क्यांच्या आत आहे, मर्यादा २५ ची, दुसरी कित्येक राज्यं याहून बुडालेली आहेत. महाराष्ट्र भिकेला लागलेला नाही, त्याच्या हातात ऐनवेळी सुट्टे पैसे नाहीत, कारण पगार व्हायच्या आधीच सगळ्यांना शब्द देऊन ठेवलेत.

आता लाडकी बहीण. यंदा ३६ हजार कोटी ठेवलेत. ७ लाख कोटींत बघितलं तर पाच टक्के, वाटतं काय मोठंसं. पण तसं बघायचं नसतं, व्याज पगार पेन्शन गेल्यावर उरतात साधारण अडीच लाख कोटी, त्यातले ३६ हजार म्हणजे सातातला एक रुपया, आणि तो दर महिन्याला रोख लागतो, थांबवता येत नाही. म्हणजे तुझं अगदीच खोटं नाही. मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी खात्याचे ३३५ कोटी तिकडे वळवले तेव्हा सामाजिक न्यायमंत्री शिरसाट स्वतःच जाहीर बोलले होते. चूक ताईंची नाही पण. २०२४ च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली, नोव्हेंबरात इलेक्शन, मधल्या काळात जो फॉर्म येईल तो पास, अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट कागदावर राहिली आणि छाननी सुरू झाली निकाल लागल्यावर. आमच्या ऑफिसात असलं बिल आलं असतं तर मी लाल शाईने "कागदपत्रं अपूर्ण" लिहून परत पाठवलं असतं. ताई त्या १५०० मधून पोरीच्या क्लासचे भरतात, आणि त्यांचा नवरा काय करतो ते तुला माहितीच आहे.

आणि फुकटचं काय फक्त त्यांनाच मिळतं? तू गेल्या ऑक्टोबरपासून नाशिकहून येताना मुलुंडच्या नाक्यावर टोल भरलायस का? पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना माफ केला ना १४ ऑक्टोबरला. तो पैसा हवेत विरला नाही, टोलवाल्या कंपनीला सरकारने भरून द्यायचा. मी गावाला जाते ती एसटीच्या अर्ध्या तिकिटात, बायकांना २०२३ पासून आहे ते, आणि तुझ्या आत्याला तर पंचाहत्तरीमुळे फुकट. तुझ्या सासरेबुवांच्या शेतावरच्या पंपाचं बिल साडेसात एचपीच्या आतलं म्हणून शून्य. या सगळ्याची भरपाई कुठल्या तरी लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या खात्याखाली, पडतच असते. आपल्या एका घरात चार योजना निघाल्या बघ, आणि आपण स्वतःला टॅक्स भरणारे म्हणवतो. ताईंवर ओरडलास ते वड्याचं तेल वांग्यावर काढलंस.

कर्जमाफीचं मी लिहीत बसत नाही, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली, पुन्हा मागणी आहेच. शेतकऱ्याला गरज नसते असं नाही, पण दर वेळी माफी झाली की पुढची माफी होईपर्यंत हप्ता भरायचा नाही हे लोक शिकतात आणि बँकाही शिकतात.

आता सरकारच्या कमाईचं बघ. पूर्वी सरकारला पैसे कमी पडले की विक्रीकर इकडून तिकडे अर्धा टक्का सरकवायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो दांडा हातातून गेला, आता दर ठरतो दिल्लीला कौन्सिलमध्ये. पाच वर्षं केंद्राने भरपाई दिली, १४ टक्के वाढ धरून, ती जून २०२२ ला बंद झाली. उलट मुंबईचा जकात नाका गेला त्याची भरपाई राज्य महापालिकेला अजून देतंय, दर वर्षी ८ टक्के वाढवून. दिल्लीत वाटप होतं त्या करातला आपल्या वाट्याचा भाग शंभरातले ६ रुपये ३१ पैसे आणि काही, सगळ्यात जास्त वसूल इथूनच होतं तरी. म्हणजे राज्याच्या हातात उरलं काय, तर पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, घराची स्टँप ड्यूटी, गाड्यांचा टॅक्स, विजेवरचा कर आणि दारू. म्हणून तर गेल्या महिन्यात भारतात बनणाऱ्या विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तीन पटीवरून साडेचार पट केलं, १४ हजार कोटी जास्त येतील म्हणतात. तुझे बाबा दर शनिवारी आपला वाटा उचलतायत, एका पेगवरून आता अर्ध्यावर आलेत, मला तरी त्यात फायदाच दिसतोय, अर्थमंत्र्यांना दिसेल का सांगता येत नाही.

एक गंमत सांगते. माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला व्यवसाय कर २०० आणि फेब्रुवारीत ३००, का माहितीये? वर्षाचे २५०० व्हावेत म्हणून. ती २५०० ची मर्यादा घटनेत लिहिलेली आहे आणि १९८८ पासून तिथेच आहे. तेव्हा मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती आणि २५०० ही रक्कम मोठी वाटायची. आज बीकेसीत महिन्याला पाच लाख घेणारा आणि पंचवीस हजारवाला क्लार्क तेवढेच २५०० भरतात. आणि हा कर आपल्याकडे आणला होता रोजगार हमीला पैसा हवा म्हणून, १९७५ ला, शहरातल्या पगारदारांनी गावातल्या मजुराला द्यायचे. किती सरळ होतं बघ, घेतोय कोणाकडून आणि देतोय कोणाला ते स्लिपवर दिसायचं. ही मर्यादा वाढवायला संसदेत जावं लागेल, पण मागणी तरी करा ना मोठ्याने.

आता तुझ्या बिलावर येते, हे नीट वाच. बजेटच्या पुस्तकात कामांची यादी असते, त्यात रस्त्याचं नाव असतं, किंमत असते आणि शेवटच्या रकान्यात यंदाची तरतूद असते. कोटींच्या कामासमोर तिथे कधी कधी काही हजार रुपये लिहिलेले असतात. त्याला टोकन तरतूद म्हणतात. म्हणजे काम पुस्तकात आलं, आमदारसाहेबांचा बॅनर लागला, टेंडर निघालं, वर्क ऑर्डर झाली, पण पैसा ठेवलेलाच नाही. पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांत, म्हणजे बजेटनंतर सरकार जादा पैसे मागतं त्यात, बघू. आणि पुरवणी मागण्या तरी किती? मार्चला बजेट झालं, ३० जूनला ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, तीन महिन्यांत! मग बजेट कशाला म्हणायचं त्याला? जेवढा पैसा त्याच्या कितीतरी पट कामं अंगावर घेतली की बिलं अडणारच, लाडकी बहीण नसती तरी अडली असती, थोडी कमी. तुमची संघटना ८९ हजार कोटी थकलेत म्हणते, तो डोंगर एका योजनेने एका वर्षात होत नाही.

मार्च एन्डच्या रात्री मी हेच बघत आलेय. बाहेर पॅसेजमध्ये तुझ्यासारखी पोरं चहाचे ग्लास घेऊन बसलेली आणि आत आम्ही बीम्सवर, म्हणजे खात्यांना पैसे सोडायच्या सरकारी कॉम्प्युटर सिस्टीमवर, ग्रँट पडते का बघत. दहा मागितले की चार पडायचे. मग त्या चारांत कोणाचं बिल बसवायचं हे खातं ठरवायचं, आणि ते कसं ठरायचं ते तुला माहीत आहे, मी इथे लिहीत नाही. ज्याची ओळख त्याचं बिल बारा वाजायच्या आत, बाकीच्यांना "पुढच्या तिमाहीत या".

मला कोणी विचारणार नाही, पण विचारलं तर मी पहिलं हेच सांगेन की कामाच्या किमतीच्या निदान तिसरा हिस्सा तरतूद असल्याशिवाय वर्क ऑर्डर काढू नका, मग तो कोणाच्याही मतदारसंघातला रस्ता असो. आणि थकलेल्या बिलांची तारीखवार यादी लावा सगळ्यांना दिसेल अशी, आधी जुनं मग नवं, रेशनच्या रांगेसारखं. या दोन गोष्टींना एक रुपया लागत नाही, म्हणूनच बहुतेक होत नाहीत. शक्तिपीठ महामार्गासारखे ८६ हजार कोटींचे प्रकल्प घ्यायच्या आधी जुन्या रस्त्यांचे पैसे द्या, हे मी मंत्री असते तर बोलले असते आणि दुसऱ्या दिवशी माझं खातं गेलं असतं. योजना बंद करा असं मी म्हणणार नाही, ताईंच्या तोंडाकडे बघून तर नाहीच, पण १५०० चे २१०० करायचं वचन तूर्त गुंडाळून ठेवा आणि ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांची नावं काढा. टोल आणि एसटीच्या सवलतींनाही हेच लागू, ज्याला परवडतं त्याने भरावं, त्यात तू आलास आणि मीही आले. पेन्शनला हात लावा म्हणायला जीभ रेटत नाही माझी, खोटं कशाला सांगू. पण महागाई भत्त्याचा एखादा हप्ता उशिरा आला तर मी मोर्चात जाणार नाही, एवढं लिहून देते. सरकारी जमिनी विकून भागवा असंही म्हणतात कोणी कोणी, मुंबईत तर त्याच शिल्लक आहेत, पण दागिना एकदाच मोडता येतो, पुढच्या वर्षी काय मोडणार. पाटल्यांवरून आठवलं ना तुला?

तू आता एक कर. पुढच्या रविवारी येशील तेव्हा त्या वर्क ऑर्डरची आणि प्रशासकीय मान्यतेच्या जीआरची झेरॉक्स घेऊन ये, मोबाइलवर फोटो पाठवू नकोस, मला त्यात बारीक आकडे दिसत नाहीत. त्यावर लेखाशीर्षाचा नंबर असेल, तो मिळाला की मी पुस्तकात बघते तुझ्या रस्त्यासमोर किती ठेवलेत. टोकन निघालं तर पुढचं टेंडर भरायच्या आधी मला विचारायचं, आता कबूल कर. आणि ताई रविवारी दहाला येतात, त्यांच्या आधी पोच, भेळभत्ता आण नाशिकचा, त्यांच्या पोरीलाही आवडतो.

तुझी,
आई