बार्सिलोनाच्या दोन भाषा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील बार्सिलोनावरील प्रवासलेखात तेथील कातालान भाषेचा उल्लेख ‘स्पॅनिशची स्थानिक बोली’ असा झाला आहे, त्याची दुरुस्ती व्हावी. कातालान ही लॅटिनपासून स्वतंत्रपणे वाढलेली, मध्ययुगापासून ग्रंथरचना असलेली भाषा आहे. तिचे जवळचे नाते दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान भाषेशी आहे आणि शेजारच्या आंदोरा या चिमुकल्या देशाची ती एकमेव राजभाषा आहे.

शहर दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलते, हे लेखातील विधानही अर्धेच खरे आहे. स्पॅनिश जाणणे हे स्पेनच्या १९७८च्या राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले. कातालानला तिच्या प्रदेशात राजभाषेचा दर्जा मिळाला, पण घटनेने तिच्याबाबत असे कर्तव्य सांगितलेले नाही. साहजिकच स्पॅनिश सर्वांनाच येते. दुकानदाराने कातालानमध्ये ‘बोन दिया’ (नमस्कार) म्हणून स्वागत केले आणि गिऱ्हाइकाने स्पॅनिशमध्ये ‘बुएनोस दियास’ असे उत्तर दिले, की पुढचे सगळे बोलणे बहुधा स्पॅनिशमध्येच होते. यात कोणी कोणावर सक्ती करत नाही, उलट हा सौजन्याचाच भाग मानला जातो. मात्र हे सौजन्य दर वेळी एकाच बाजूने दाखवले जाते.

हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीत (१९३९-१९७५) शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार झालेली कातालान शिक्षणाचे माध्यम म्हणून परत आली, त्यामागची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बार्सिलोनाला लागून असलेल्या सांता कोलोमा दे ग्रामेनेत या कामगारवस्तीत, दक्षिण स्पेनमधील अंदालुसियासारख्या भागांतून पोटापाण्यासाठी आलेल्या स्पॅनिशभाषक पालकांनीच आपल्या मुलांना कातालान माध्यम मिळावे असा आग्रह धरला आणि १९८३मध्ये तेथे पहिली तशी शाळा सुरू झाली. कातालानवाचून मुले नोकरीधंद्यात मागे पडतील, हा त्यांचा हिशेब अगदी रोखठोक होता. किमान २५ टक्के अध्यापन स्पॅनिशमधून व्हावे, या २०२०च्या न्यायालयीन निकालानंतर मात्र या माध्यमधोरणाचा वाद अधिकच पेटला.

तरीही खरी अडचण शाळेबाहेर आहे. बार्सिलोना ज्याची राजधानी आहे त्या कातालोनिया प्रांताच्या सरकारच्या २०२३च्या पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील दहापैकी आठ जणांना कातालान बोलता येते, पण रोजच्या व्यवहारात मुख्यतः तीच वापरणारे केवळ ३२.६ टक्के आहेत. २००३मध्ये हे प्रमाण ४६ टक्के होते. लॅटिन अमेरिकेपासून पाकिस्तानपर्यंतच्या देशांतून झालेले स्थलांतर हे याचे एक मोठे कारण आहे, आणि मुलांच्या हातातल्या पडद्यावरची करमणूक बहुतांशी स्पॅनिश वा इंग्रजी असते हे दुसरे.

यावर तेथे चाललेला एक साधा उपक्रम लेखात यायला हवा होता. भाषा शिकणारा आणि ती उत्तम बोलणारा स्वयंसेवक अशी जोडी जमवली जाते. दोघांनी आठवड्यातून तासभर भेटून गप्पा मारायच्या आणि शिकणारा अडखळला तरी स्वयंसेवकाने कातालान सोडायची नाही. जन्मभराच्या सवयीमुळे स्वयंसेवकालाच ही अट अधिक जड जात असावी.

आपला,
एक वाचक, नाशिक