इन-प्लांटच्या दोन महिन्यांसाठी : एमबीए विभागाच्या माजी विद्यार्थी मंडळाचं सांगलीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या एमबीए विभागाचं हे वर्ष चांगलं गेलं. गेल्या तुकडीचा निकाल चांगला लागला, यंदाची बरीच मुलं परीक्षेआधीच नोकरीला लागली, कोल्हापूरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली ढाल विभागप्रमुखांच्या कपाटावर येऊन बसली, एका मॅडमची पीएच.डी. पूर्ण झाली. या सगळ्याचे फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेच असतील, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही. ज्या कामांचे फोटो कुणी काढले नाहीत त्यांच्याबद्दल सांगायचं आहे, कारण आमचं मागणं, म्हणजे मुलांच्या इन-प्लांटच्या (इंटर्नशिपच्या) खर्चासाठी निधी, त्यातूनच निघालं आहे.

पहिलं काम हळदीचं. सांगलीत राहून हळदीवर प्रकल्प न केलेली तुकडी सापडणार नाही. प्रस्तावनेत हरिपूरच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचं, कौतुक, मग 2018 साली सांगलीच्या हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, शेवटी पाच शिफारशी आणि स्पायरल बाइंडिंग. आमच्यापैकी अनेकांनी हेच केलं आणि पास झालो. यंदा दुसऱ्या वर्षाच्या फायनान्सच्या मुलांनी मात्र सुरुवातीलाच सरळ प्रश्न विचारला: शेतकरी हळद साठवून का ठेवत नाही? हरिपूरला जाऊन त्यांनी जुन्या हमालांना गाठलं. जमिनीखाली पोटात रुंद आणि तोंडाशी अरुंद असं पेव कसं भरायचे, उघडल्यावर आत हवा खेळल्याशिवाय कुणी खाली का उतरायचं नाही, हे सगळं ऐकून घेतलं. 2005 च्या आणि मग 2019 च्या महापुराने पेवांची वाट लागली. आता माल गोदामात नाहीतर कोल्ड स्टोरेजला जातो. पण तिथे ठेवणारा बहुतेक व्यापारी असतो. शेतकरी फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद यार्डात आणतो आणि मिळेल त्या भावाला सोडतो, कारण 31 मार्चला सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायचं असतं.

याच अडचणीसाठी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे, बाजार समित्यांमार्फत चालणारी. हळद गोदामात ठेवायची, तिच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा महिन्यांसाठी, 6 टक्के व्याजाने. मुलांनी गावोगाव विचारलं तर योजनेचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं होतं, हिशेब मात्र कुणी करून पाहिला नव्हता. मग मुलांनी तो एका पानावर मांडला. समजा 20 क्विंटल हळद आहे आणि भाव क्विंटलला 12,000 आहे. मालाची किंमत 2,40,000. तारणावर मिळतील 1,80,000. सहा महिन्यांचं व्याज 5,400, म्हणजे क्विंटलमागे 270 रुपये. वजनातली घटही त्यात धरा. भाव त्यापेक्षा जास्त चढेल असं वाटत असेल तर थांबा, नसेल तर विका. आणि भाव पडला तर व्याजही अंगावर येतं, हेही त्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं. ते पान पलूस आणि तासगाव तालुक्यांतल्या काही विकास सोसायट्यांच्या भिंतीवर आज चिकटवलेलं आहे. 2025 च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय निजामाबादला झालं तेव्हा आपल्याकडे पानटपरीपासून यार्डापर्यंत हळहळ चालली होती. ती रास्तच होती. पण आमच्या मते यंदा हळदीसाठी सांगलीत झालेलं सगळ्यात कामाचं काम म्हणजे हे एक पान, आणि त्याला खर्च आला झेरॉक्सचा आणि एसटीचा.

बेदाण्याचंही थोडं सांगतो. दोन मुलं मार्केट यार्डातल्या सौद्यांना जाऊन बसायची आणि कुठल्या तारखेला माल विकला, कुठल्या तारखेला पैसे हातात आले, एवढंच टिपून घ्यायची. दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून सगळी येणी-देणी मिटवायची, म्हणजे झिरो पेमेंट करायचं, ही आपल्या बाजाराची जुनी रीत. एरवीच्या महिन्यांत पैसे यायला किती दिवस लागतात ते त्यांच्या वहीत आहे. वही सगळ्यांनाच आवडली असं नाही. आम्हाला आवडली.

बचत गटाचं काम तर मुलांना वर्गात कधीच शिकायला मिळालं नसतं. पलूसकडचा एक महिला गट शेंगदाण्याची चटणी करतो. चटणी झकास, मागणीही बरी, पण वर्षअखेरीला हातात काही उरत नव्हतं. मुलांनी शेंगदाणा, मिरची, लसूण, गॅस, पाकिटं, सगळं लिहून काढलं. बायकांनी स्वतःची मजुरी कुठेच धरलेली नव्हती. पहाटे उठून दाणे भाजायला बसायच्या, तो वेळ जणू फुकटचा. दुसरी गळती सापडली ती पाकिटं भरताना. माप हातानेच. अर्ध्या किलोच्या पाकिटात दर वेळी पंचवीसेक ग्रॅम जास्त. “गिऱ्हाइकाला चार दाणे जास्त गेले तर काय बिघडलं?” असं त्यातल्या एक मावशी म्हणाल्या. मुलाने वहीवर दाखवलं की वीस पाकिटांमागे एक पाकीट फुकट जातंय. मावशी गप्प झाल्या आणि पुढच्या आठवड्यात गटाने इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घेतला. भाव वाढवायला मात्र त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी वाढवला. गिऱ्हाईक तुटलं नाही.

आता मुद्द्याचं. एमबीएला दुसरं सत्र संपलं की मुलाने साधारण आठ आठवडे एखाद्या कंपनीत जाऊन काम करायचं असतं. आपण त्याला इन-प्लांट म्हणतो, हल्लीची मुलं इंटर्नशिप म्हणतात. दुसऱ्या वर्षात नोकरीसाठी कंपनी आली की मुलाखतीतला पहिला खरा प्रश्न याच दोन महिन्यांवर येतो: तिथे नेमकं काय केलंत? ज्याने पुण्यात नाहीतर मुंबईत एखाद्या बऱ्या कंपनीत काम केलेलं असतं तो दहा मिनिटं बोलतो. ज्याने मामाच्या दुकानाचा शिक्का मारून प्रमाणपत्र आणलेलं असतं त्याची दोन वाक्यांत बोलती बंद होते. असे शिक्के दर वर्षी येतात. विभागातल्या सरांनाही ठाऊक असतं. ते रागवत नाहीत, कारण घरची परिस्थिती त्यांनाही ठाऊक असते.

हळदीचा तो हिशेब मांडणारी मुलगी आटपाडी तालुक्यातली. गेल्या उन्हाळ्यात गोदाम पावत्यांवर कर्ज देणाऱ्या एका वित्त कंपनीत, पुण्यात, तिची निवड झाली होती. काम तिच्या विषयाचंच. पण मानधन नाही. कॉट बेसिसवर (सामाईक खोलीत एका कॉटपुरती) जागा बघितली तर डिपॉझिट आधी द्यायचं, भाडं महिन्याच्या एक तारखेला, मेसचे पैसे आगाऊ. घरी डाळिंबाच्या बागेवर तेल्या रोग आलेला. ती गेली नाही. तालुक्याच्या गावी नातेवाइकांच्या खताच्या दुकानात बसून तिने दोन महिने काढले, आणि यंदा त्याच क्षेत्रातली एक कंपनी विभागात आली तेव्हा पहिल्या फेरीतच तिचं नाव गळालं. पुढे तिला नोकरी लागली, बरी लागली. पण ती हुकलेली जागा तिच्या लायकीची होती हे मुलाखतीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या आम्हा दोघा-तिघांना चांगलंच कळत होतं.

फीचं बऱ्यापैकी मार्गी लागलेलं आहे, हेही सांगायला हवं. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. एसटीत बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे. वर्ष चालू असताना कमवा आणि शिका योजनेतून ग्रंथालयात, कार्यालयात तासांवर काम मिळतं. (ही कल्पना ज्यांनी महाराष्ट्रात रुजवली ते कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील, मूळचे आपल्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या घरचे, हे आमच्या निम्म्या मुलांना माहीत नसतं.) पण हे सगळं विभागाच्या आवारातलं. पुण्यात स्वारगेटला उतरल्यावर पुढचे दोन महिने यातली एकही योजना कामी येत नाही.

म्हणून मंडळ इन-प्लांट निधी उभा करत आहे. पुण्यातल्या एका विद्यार्थ्याचा दोन महिन्यांचा खर्च आम्ही असा धरला आहे: कॉटचं भाडं 9,000, मेस 7,000, प्रवास 3,000, वरखर्च 1,000. एकूण 20,000. येत्या उन्हाळ्यात 15 मुलं पाठवायची तर 3 लाख लागतील. डिपॉझिटची रक्कम मंडळ वेगळी देईल आणि ती परत आली की पुढच्या वर्षी दुसऱ्याला वापरेल. सांगली-मिरजेतच किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत काम मिळालं पण जत, आटपाडी, शिराळ्याहून रोज येणं जमत नाही अशांना 6,000 पर्यंत मदत देऊ.

गेल्या वार्षिक सभेत प्रवेशद्वाराला कमान बांधायचा विषय निघाला होता, आठवत असेल. कमानीला आमचा विरोध नाही. देणगीदारांची नावं कमानीवर छान दिसतात, मेसच्या पावतीवर दिसत नाहीत, हेही मान्य. तरी यंदाचा पैसा मेसला जावा असं कार्यकारिणीने एकमताने ठरवलं आहे.

निवड करायला चार जण असतील: दोन माजी विद्यार्थी, एक शिक्षक, शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी. आधी कंपनीचं पत्र, मग अर्ज. मार्कांची अट ठेवलेली नाही, उत्पन्नाचा दाखला मात्र लागेल. मदत कर्ज नाही, परत मागणार नाही. ज्यांना मदत मिळेल त्यांची नावं फलकावर लागणार नाहीत आणि धनादेश हातात देतानाचे फोटो निघणार नाहीत. काही देणगीदारांना हे रुचणार नाही. त्यांनी एकदा मुलांच्या जागी उभं राहून बघावं.

देणगी 500 पासून चालेल. 20,000 दिलेत तर एका मुलाचे किंवा मुलीचे दोन महिने तुमच्या नावावर. आपापल्या बॅचने मिळून एक विद्यार्थी उचलला तर फारच उत्तम. धनादेश मंडळाच्या नावे काढावा. यूपीआयने देणार असाल तर कार्यालयातल्या सूचना फलकावर लावलेला क्यूआर कोडच वापरा. ग्रुपवर फिरून आलेल्या कुठल्याही कोडवर पैसे पाठवू नका, तो कुणाचा आहे याची हमी आम्ही देऊ शकत नाही. आयकर सवलतीसाठी 80जी ची पावती मिळेल. मात्र 2,000 पेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर करसवलत मिळत नाही, आणि तुम्ही नवीन कररचना निवडली असेल तर 80जी चा फायदाच नाही. हे आधी सांगितलेलं बरं, नंतर मार्चमध्ये फोन येतात.

पैशाशिवायही बरंच करता येईल. पुण्यात, पिंपरीत, ठाण्यात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या कंपनीत एक इन-प्लांटची जागा बघा. घरात एखादी खोली दोन महिने मोकळी असेल तर कळवा, विशेषतः मुलींसाठी. सांगलीतले अडते, कारखान्यांचे अधिकारी, पतसंस्थांचे व्यवस्थापक, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाले, तुम्ही आमची मुलं घ्या आणि त्यांना खरं काम द्या. थकबाकीची यादी द्या, गोदामाचं स्टॉक रजिस्टर द्या, वसुलीला सोबत न्या. फक्त दोन महिने झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला ठेवू नका. जुना पण चालू लॅपटॉप कुणाकडे पडून असेल तर तोही चालेल, चार्जरसकट.

जमाखर्च सनदी लेखापालाकडून तपासून घेऊन दिवाळीनंतरच्या सभेत मांडू, आणि ज्यांना सभेला येता येत नाही त्यांना पोस्टाने पाठवू.

पहिल्या वर्षाची दुसऱ्या सत्राची परीक्षा तोंडावर आली आहे आणि कंपन्यांची पत्रं यायला लागली आहेत. काही मुलांना आठवडाभरात हो किंवा नाही कळवायचं आहे. तेव्हा जे काही द्यायचं असेल ते परीक्षा सुरू होण्याआधी द्यावं ही विनंती. विभागाच्या कार्यालयात कामाच्या दिवशी 11 ते 5 मंडळाचं टेबल असेल. शनिवारी दुपारी एकपर्यंतच.

आपले,
माजी विद्यार्थी मंडळ, एमबीए विभाग, सांगली