नव्या बॉयलरच्या दाबचाचणीविषयी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वाफेच्या छोट्या इंजिनासाठी घरच्या कार्यशाळेत बनविलेला बॉयलर पहिल्यांदा पेटविण्यापूर्वी त्याची थंड पाण्याने दाबचाचणी घ्यावी. नव्या बॉयलरसाठी हा दाब सर्वसाधारणपणे कामाच्या दाबाच्या 2 पट ठेवतात. म्हणजे 4 बारवर (बार हे दाब मोजण्याचे एकक) चालणाऱ्या बॉयलरची चाचणी 8 बारला होते. यासाठी दाबलेली हवा कदापि वापरू नये, कारण पाणी जवळजवळ आकुंचन पावत नसल्याने सांधा सुटला तरी ते बहुधा नुसते गळते, परंतु कोंडलेली हवा स्फोटासारखी बाहेर पडून तुकडे उडवते. म्हणून पाणी भरताना आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नये. (इंजिन मात्र कमी दाबाच्या हवेवर फिरवून पाहण्यास हरकत नाही.) दाबमापक आधी तपासावा, काटा शून्यावर परतत नसेल तर तो बदलावा.