प्रमुख पाहुण्यांनी गोल मारला काय?

मा. संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात कॉलेजांच्या फुटबॉल फायनलची बातमी आली होती ती मी तीनदा वाचली, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचली, खरं मॅच काय त्यात सापडली नाही. चुरशीच्या लढतीत 2-1 नं हरवून विजेतेपद पटकावले, एवढं एक वाक्य, आणि त्याच्या खाली व्यासपीठावर बसलेल्यांची चौदा नावं (मोजली मी), बॉलला पहिली किक कुणी मारली, शाल-श्रीफळ कुणाला, सूत्रसंचालन कुणाचं, आभार कुणी मानले. गोल तीन झाले, ते कुणी मारले ते एकाचंही नाव नाही. बायको म्हणाली, प्रमुख पाहुण्यांनी मारले असतील.

मी त्या मॅचला होतो. उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून, पूर्ण मॅच बघितली. कॉलेजांची नावं मी घेत नाही कारण दोन्हीकडं आमचे भाचे-पुतणे आहेत आणि मला दिवाळीला दोन्हीकडं जेवायला जायचंय. तर जी टीम हरली ती पहिल्या हाफला एक गोलनं पुढं होती. त्यांचा डावीकडचा विंगर, म्हणजे कडेनं बॉल घेऊन पुढं पळणारा, बारीक पोरगा, मोजे घोट्यावर उतरलेले, समोरच्या राइट बॅकला, म्हणजे त्या कडेला अडवायला उभा असतो त्याला, नुसता नाचवत होता. मी कॉलेजला चार वर्षं लेफ्ट बॅक खेळलोय, दमलेला बॅक मला लांबून कळतो, तो माणसाकडं बघायचं सोडून नुसतं बॉलकडं बघायला लागतो, आणि हा बॅक तर एकदा बुटाची नाडी बांधायला म्हणून जो खाली बसला तो उठेचना. आता अशा वेळी बॉल कुणाकडं द्यायचा हे शाळेतलं पोरगंपण सांगेल. साठाव्या मिनिटाच्या आसपास कोचनी त्याच विंगरला बाहेर काढलं आणि आणखी एक डिफेंडर आत घातला, लीड सांभाळायला म्हणे. झालं. इतका वेळ मागं अडकून पडलेला तो राइट बॅक मोकळा झाला, श्वास घेतला, वर यायला लागला, आणि दोन्ही गोल त्याच बाजूनं झाले, दुसरा तर त्याच्याच क्रॉसवर हेडर.

मॅच संपल्यावर दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या चहाच्या गाड्यावर आम्ही नेहमीचे सात-आठ जण. वाद सुरू. एक म्हणतोय रेफ्री मॅनेज होता की ओ, दुसरा म्हणतोय मराठी पोरांना मुद्दाम पाडतात, तिसरा म्हणतोय उलट आहे, कमिटीत सगळे तुमचेच. मी म्हटलं, अरे बाबांनो, त्या विंगरला कशाला बाहेर काढला ते सांगा आधी. तर सगळे गप्प. एक जण म्हणतो, "कुठला विंगर ओ?" ही माणसं मैदानावर माझ्या शेजारी बसलेली!

तेव्हाच मला वाटलं तुम्हाला लिहावं. आणि त्याला आणखी एक कारण आहे, ते जरा लांबून सांगावं लागेल.

2024 च्या नोव्हेंबरात मी आणि सौ. मुलीकडं अमेरिकेत होतो, कोलंबसला, म्हणजे ओहायो राज्याच्या राजधानीत. मुलीनं तिथल्याच ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून एमएस केलंय. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे तिथं ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगनची मॅच, अमेरिकन फुटबॉलची, 1897 पासून चालू आहे. कॉलेजच्या पोरांची मॅच आणि बघायला लाखावर माणूस, मी आधी विश्वासच ठेवला नाही. त्या आठवड्यात युनिव्हर्सिटीतल्या पाट्यांवर जिथं जिथं इंग्रजी एम अक्षर आहे तिथं तिथं लाल टेपची फुली मारतात, कारण मिशिगनचा एम. मिशिगन हे नाव तोंडातून काढत नाहीत, 'ते वरचे' म्हणतात. मी बेळगावचा माणूस, पाटीवरचं अक्षर झाकलेलं बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो, म्हटलं आता दगडफेक आणि पोलीस व्हॅन. खरं लोक शेजारी उभे राहून फोटो काढत होते.

आणि गंमत म्हणजे या दोन राज्यांचा सीमावाद होता ओ! 1835 साली टोलेडो नावाच्या पट्ट्यावरून दोन्हीकडच्या पलटणी समोरासमोर, एका माणसाला चाकू लागला तो वाचला, बाकी काही नाही. पुढच्याच वर्षी मिटवलं, पट्टा ओहायोला आणि बदल्यात मिशिगनला वरचा दुसरा मुलूख, ज्यात पुढं तांबं-लोखंड निघालं. आमचं 1956 पासून चालू आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, इथं तांबं निघायचं चिन्ह नाही. असो, तो विषय वेगळा.

मॅच आम्ही घरीच टीव्हीवर बघितली. जावयाचा एक मित्र आला होता, धारवाडचा, घरी कन्नड, शिकला मिशिगनला, म्हणजे या घरात तो एकटा शत्रू. तो आणि मी कन्नडमध्ये बोलत होतो, मुलगी चिडत होती की बाबा तुम्ही कुणाच्या बाजूला. खेळ मला त्यानंच समजावून सांगितला. नाव फुटबॉल, खरं पाय क्वचितच लागतो. चार प्रयत्नांत (प्रयत्नाला ते डाउन म्हणतात आणि त्यातल्या डावाला प्ले) दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलात की परत चार मिळतात, नाही सरकलात की बॉल समोरच्यांना. प्रत्येक प्रयत्नाच्या आधी खेळ थांबतो आणि कोच ठरवतो, बॉल घेऊन पळायचं की लांब फेकायचा, मधून घुसायचं की कडेनं. कबड्डीत रेडच्या आधी कॅप्टन कानात सांगतो ना तसं. 2024 पासून तर कॉलेजलाही एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर आलाय, कोच थेट कानात बोलतो, घड्याळात पंधरा सेकंद राहिले की आवाज बंद.

ओहायो देशात दुसऱ्या नंबरावर, दहा जिंकून एक हरलेली. मिशिगन सहा-पाच, कशीबशी. जिंकले मिशिगनवाले, 13-10. हाफ टाइमला 10-10 होते, दुसऱ्या हाफमध्ये ओहायोला एक पॉइंट नाही, आणि शेवटी पंचेचाळीस सेकंद राहिलेले असताना मिशिगनच्या पोरानं किक मारून तीन पॉइंट नेले. मुलगी सोफ्यावर उशी तोंडावर धरून. नंतर मैदानावर झेंडा रोवण्यावरून मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, दोन्ही युनिव्हर्सिटींना एकेक लाख डॉलर दंड झाला, म्हणजे तेही काय संत नाहीत.

खरं मला सांगायचंय ते पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी त्या घरात तीन तास वाद झाला आणि तो सगळा, सगळा खेळावर. मुलगी म्हणते, मिशिगनच्या डिफेन्समधले मधले दोघे, ग्रॅहम आणि ग्रँट, भिंतीसारखे, आणि आपला सेंटर, म्हणजे त्यांच्यासमोर मधोमध उभा राहणारा, आधीच जखमी होऊन बसलेला, तर परत परत मधूनच का घुसले? जावई म्हणतो, त्यांचा बेस्ट कॉर्नरबॅक, म्हणजे लांब फेकलेला बॉल अडवणारा, विल जॉन्सन खेळतच नव्हता, म्हणजे मागचं दार उघडं, आणि आपल्याकडं फेकलेला बॉल झेलायला जेरेमाया स्मिथसारखा पोरगा, पहिल्या वर्षाला असून सगळ्या देशात नाव, त्याला अख्ख्या मॅचमध्ये पाच कॅच! धारवाडवाला म्हणतो, ते सगळं ठीक आहे खरं तुमच्या किकरनं दोन किक बाहेर घालवल्या, त्या दोन्ही बसल्या असत्या तर हा वादच झाला नसता, आणि आमच्या डिफेन्सचं कौतुक करायला तुमची जीभ का वळत नाही. मुलीनं मग जुनं काढलंच, 2023 ला मिशिगनवर समोरच्या टीमचे कोच पोरांना खुणेनं प्ले सांगतात त्या खुणा आधीच जाऊन टिपल्याचं प्रकरण झालेलं, त्यांच्या कोचला तीन मॅच बाहेर बसवलेलं, ते. तो म्हणाला, "नोडरी (बघा) अंकल, हरले की चोर म्हणायचं." मला दुसऱ्या रेल्वे गेटची आठवण आली. खरं दोन मिनिटांत गाडी परत मूळ रुळावर, थर्ड डाउनला कुठला प्ले होता त्याच्यावर.

मला विचारलं, बाबा तुम्हाला काय वाटतं. मी म्हटलं, मला तुमचं शास्त्र कळत नाही, खरं मला तो कोच घाबरलेला वाटला नाही, हट्टाला पेटलेला वाटला. रायन डे त्याचं नाव. त्याच्या आधी लागोपाठ तीन वर्षं मिशिगनकडून हरलेला, लोक त्याच्या टीमला मऊ म्हणायचे, मग या वेळी त्यानं दाखवून द्यायचं ठरवलं की आम्हीपण मधून धडक मारतो. समोरच्याला काहीतरी दाखवायला गेला आणि स्वतःचा चांगला पत्ता हातात तसाच ठेवून उठला. हे माझं मत, त्याच्या मनातलं त्यालाच ठाऊक. धारवाडवाल्यानं टाळी दिली, मुलगी अर्धा तास बोलली नाही.

गावात तर कोचला हाकला म्हणून ओरड चाललेली. खरं त्या वर्षी पहिल्यांदाच बारा टीमची प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाची बाद फेरी, होती म्हणून ओहायो आत राहिले आणि तिथून जे सुटले, टेनेसी, ओरेगॉन, टेक्सस, सगळ्यांना पाडलं. फायनल नोटर डेमबरोबर होती तोवर आम्ही परत आलेलो, इथं मंगळवारी सकाळी सहाला सुरू, मी टिळकवाडीत स्वेटर घालून मोबाईलवर आणि मुलगी तिकडून व्हिडिओ कॉलवर. आघाडी होती खरं समोरचे जवळ आलेले, तीन मिनिटंपण राहिलेली नव्हती, थर्ड डाउन आणि अकरा यार्ड पाहिजेत. घाबरट माणूस इथं पळून वेळ काढतो, माझाही अंदाज तोच. त्यांनी लांब फेकला, त्याच स्मिथला, 56 यार्ड! 34-23. दूधवाला दारात उभा, त्याला वाटलं घरात काय झालं. मुलगी तिकडून ओरडतेय, "बाबा, हाच प्ले, हाच तेव्हा पाहिजे होता!"

आता तुम्ही म्हणाल अमेरिकेचं कौतुक आम्हाला कशाला, त्यांच्याकडं पैसा आहे, टीव्ही आहे. बरोबर. म्हणून मी अमेरिकेला नेत नाही तुम्हाला, कोल्हापूरला नेतो, शंभर-सव्वाशे किलोमीटर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तिथल्या टीमांची मॅच असली की दुसऱ्या दिवशी तिकडच्या पेपरात कितव्या मिनिटाला, कुणाच्या पासवर, कुणी, सगळं छापून येतं. तिथला रिक्षावाला दहा वर्षांपूर्वीचा गोल डाव्या पायानं होता का उजव्या हे सांगतो. त्यातही भांडणं होतात, स्टेडियममध्ये बाटल्या फेकतात, ते मी लपवत नाही. खरं तिथला पोरगा अनिकेत जाधव 2017 ला भारताकडून अंडर-17 वर्ल्ड कप खेळला, आणि आमची पोरं कोल्हापूरवाल्यांशी खेळताना काय करतात? त्यांच्यासारखं अंगावर जाऊन लांब-लांब बॉल मारायला बघतात, त्यांना दाखवून द्यायला, आणि दोन-तीन गोल खाऊन निपाणीला चहा पिऊन गप्प घरी येतात. आमच्या पोरांचा खेळ छोट्या पासचा, कॅम्पातल्या आणि वडगावातल्या गल्ल्यांत शिकलेला. तो त्यांनी खेळावा असं कुठल्या पेपरात कधी कुणी लिहिलंय? लिहिलं असतं तर चार जणांनी शिव्या घातल्या असत्या, चार जणांनी बाजू घेतली असती, कोचनीपण वाचलं असतं, चुलीत घालण्याआधी.

तो मोजे उतरलेला पोरगा मला परवा बाजारात भेटला, वडिलांबरोबर भाजीच्या गाड्यावर होता. मी म्हटलं, तुला काढायला नको होतं रे. तो माझ्याकडं बघतच राहिला, म्हणाला, "तुम्ही बघिटलासा काय ओ मॅच?" वडिलांनी मला कोथिंबिरीची एक पेंडी जास्त घातली, पैसे घेईनात. मॅचमधला पहिला गोल त्याच पोराचा होता. तुमच्या बातमीत त्याचं नाव नाही, कात्रण ठेवायचं म्हणून त्याच्या आईनं पेपर आणलेला.

माझी मागणी मोठी नाही. पाहुण्यांची नावं छापा, त्यांच्या जाहिराती येतात हे मलापण कळतं, मी बँकेत नोकरी केलेली आहे. खरं चौदातली चार कमी करून त्या जागेत गोल कुणी मारले, कितव्या मिनिटाला, कोचनी कुणाला काढलं आणि कुणाला घातलं, एवढं तरी येऊ द्या. माणूस पाठवायला जमत नसेल तर मी जातो, रिटायर आहे, गुडघा दुखतो खरं मैदानापर्यंत येतो. संध्याकाळी साडेसातच्या आत दोनशे शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवीन, मानधन नको, नावही नको. फक्त व्यासपीठावरची नावं तुमच्याच माणसाला लिहून घ्यायला सांगा, त्यातल्या अर्ध्यांची पदं मला पाठ नाहीत आणि उरलेल्यांची दर वर्षी बदलतात.

आपला,
एक जुना लेफ्ट बॅक,
टिळकवाडी, बेळगाव