खासगी विमान तपासणीला देताना मालकाने करायची तयारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासगी विमानांच्या सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे अपघात झाला की सुरू होते आणि ती बहुधा वैमानिक, हवामान व नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, या तिघांपाशीच थांबते. विमान ज्याच्या मालकीचे असते त्याचा उल्लेख क्वचितच होतो. लहान विमानांच्या देखभालीत तीस वर्षांहून अधिक काळ घालवलेला एक निवृत्त अभियंता म्हणून माझे ठाम मत आहे, की नियोजित तपासणी किती चांगली होणार हे विमान हँगरमध्ये, म्हणजे देखभालीच्या शेडमध्ये, येण्यापूर्वीच्या पंधरा दिवसांत बरेचसे ठरून गेलेले असते आणि ते ठरवणारा माणूस मालक असतो. हे पत्र खासगी मालकांनी आणि फ्लाइंग क्लबांच्या चालकांनी वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्या राज्यातही वैमानिक प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे सेसना १७२ हे चार आसनी, एका इंजिनाचे विमान उदाहरणादाखल घेतो. त्याचे इंजिन ऑइल उड्डाणाच्या साधारण दर ५० तासांनी बदलतात, मोठी तपासणी १०० तासांनी होते आणि तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ती करावीच लागते. उड्डाणयोग्यतेच्या आढाव्याचे प्रमाणपत्र, ज्याला आम्ही एआरसी म्हणतो, तेही एक वर्षाचेच असते. या तारखा मालकाला वर्षभर आधी ठाऊक असतात. तरीही दोन-तीन तास शिल्लक असताना हँगरला पहिला फोन करणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. मुंबईच्या जुहू विमानतळापासून नागपूर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आहे आणि सेसना १७२ ला ते कापायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे हँगर दूर असेल तर तेथवर पोहोचण्यापुरते तासही हातात राहत नाहीत. एआरसीची मुदत उलटली असेल, तर विमान नुसते हलवण्यासाठीही डीजीसीएची खास परवानगी काढावी लागते.

कागदपत्रांबाबत मी जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे जातो. सांगाडा, इंजिन आणि पुढचा फिरता पंखा (प्रोपेलर) यांची लॉगबुके, म्हणजे नोंदवह्या, वेगवेगळी असतात आणि तिन्हींतील तासांचा मेळ बसावा लागतो. त्याहून महत्त्वाची आहे ती एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची, आमच्या भाषेत ‘एडी’ची, यादी. विमानाच्या एखाद्या भागात धोकादायक दोष आढळला, की त्याची रचना ज्या देशात झाली तेथील नियामक संस्था असा सक्तीचा निर्देश काढते आणि तो आपल्याकडेही पाळावा लागतो. सेसनाच्या आसनाखालील रुळांसंबंधीचा निर्देश सर्वांच्या परिचयाचा आहे. रुळाची भोके झिजली किंवा खीळ नीट बसली नाही, तर उड्डाणाच्या क्षणी आसन मागे सरकते आणि वैमानिकाच्या हातातील नियंत्रणदांडा त्याच्याबरोबर मागे ओढला जातो. म्हणूनच त्या रुळांची तपासणी ठराविक तासांनी पुनःपुन्हा करावी लागते. ती मागे कधी, किती तासांवर, कोणत्या पद्धतीने झाली आणि पुढची कधी आहे, याची नोंद मालकाने दिली नाही, तर ती झालीच नाही असे धरून आम्हाला काम नव्याने करावे लागते. बिल वाढले म्हणून मालक नाराज होतो. वास्तविक ते पैसे न केलेल्या नोंदीचे असतात. ही यादी, मुदत संपत आलेल्या भागांची माहिती आणि मागील तपासणीचा अहवाल हँगरला पंधरा दिवस आधी मिळाला, तर लागणारे सुटे भाग आधीच मागवता येतात. त्यांतील बरेचसे परदेशातून येतात आणि त्यांची वाट पाहत इंजिन उघडे टाकून विमान उभे ठेवणे कोणालाच परवडत नाही.

आता स्नॅगविषयी. उड्डाणात जाणवलेल्या बिघाडाला आम्ही स्नॅग म्हणतो. एकदा एक चार आसनी विमान १०० तासांच्या तपासणीसाठी आमच्याकडे आले, तेव्हा स्नॅगच्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले होते. तपासणी नीट पार पडली, मी सही केली आणि विमान निघाले. चाळीस मिनिटांनी अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राचा, इशारादिवा लागला आणि वैमानिकाला परत फिरावे लागले. खाली उतरल्यावर त्याने सांगितले, की मागील दोन महिन्यांत हे तीनदा घडले होते, दर वेळी दुपारच्या उन्हात, बराच वेळ उडाल्यानंतर, आणि दिवा थोड्या वेळाने आपोआप विझत असे. अल्टरनेटरच्या एका तारेचा जोड सैल होता आणि गरम झाल्यावर तो सुटत होता. आम्ही सकाळी, थंड हवेत, दहा मिनिटे इंजिन चालवून पाहिले होते. त्या तपासणीत तो सापडणे शक्यच नव्हते. हे लिहिले का नाही, असे मी विचारले, तेव्हा त्याने खाली मान घातली. लेखी नोंद केली की दोष दूर होईपर्यंत विमान जमिनीवर ठेवावे लागते आणि त्याच्या मालकाला ते खपत नसे. त्या वैमानिकाला मी दोष देत नाही. नोंद करणाऱ्याला बोल लावणार नाही, एवढी हमी मालकाने दिली पाहिजे. बिघाड केव्हा झाला, किती उंचीवर, इंजिन किती तापलेले होते, कोणता दिवा किंवा काटा काय दाखवत होता, या चार ओळींमुळे अभियंत्याचे दोन दिवस वाचतात.

विमान आतून स्वच्छ करून आणावे, पण इंजिन आणि बाहेरचे डाग पुसून आणू नयेत, असे मी नेहमी सांगत आलो. आमच्या पेट्रोलचा रंग निळा असतो आणि गळती असेल तेथे निळसर डाग पडतो. एक्झॉस्टच्या जोडातून वायू निसटत असेल तर करडा-पांढरा थर धरतो. सैल झालेल्या रिव्हेटच्या मागे काळी रेघ उमटते. हे सारे पुसले, की आमचे अर्धे पुरावे पुसले जातात. किती तासांमागे किती ऑइल घालावे लागले, ही नोंदही सोबत द्यावी. सामानकक्षातील वस्तू मात्र काढून ठेवाव्यात, कारण फरशीचे पत्रे उघडायचे असतात.

मुंबई आणि कोकण किनाऱ्यावरील मालकांना एक वेगळी सूचना आहे. जून ते सप्टेंबर विमान उभे राहिले म्हणजे झीज झाली नाही, असा समज आहे. खाऱ्या दमट हवेत न उडणारे इंजिन आतून गंजते, झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे कॅमशाफ्टवर, तांबेरा चढतो आणि तो बाहेरून दिसत नाही. जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवल्याने ऑइल पुरेसे तापत नाही, त्यामुळे आतील ओल जात नाही, उलट वाढते. लायकमिंग ही इंजिने बनवणारी कंपनी ५० तास किंवा चार महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते, आणि आपला पावसाळा नेमका चार महिन्यांचा आहे. ऑक्टोबरात तपासणीला येणाऱ्या विमानाच्या मालकाने ते किती दिवस न उडता उभे होते हे स्वतःहून सांगावे, म्हणजे आम्ही सिलिंडरमध्ये बोअरस्कोप, म्हणजे आत डोकावण्याची बारीक दुर्बीण, घालून पाहतो.

शेवटी परतीची तारीख. घरचे लग्न असते, प्रचाराची सभा असते, आणि विमान हँगरमध्ये येण्यापूर्वीच ते केव्हा हवे हे ठरवलेले असते. गंज किंवा भेग सापडली, की त्या तारखेचे सगळे ओझे सही करणाऱ्या माणसावर येते. काही मालक तर कामानंतरचे पहिलेच उड्डाण कुटुंबाला आणण्यासाठी ठरवतात. २८ जून २०१८ रोजी जुहूहून देखभालीनंतरच्या चाचणीसाठी निघालेले किंग एअर विमान घाटकोपरला कोसळले. दोन वैमानिक, एक अभियंता, एक तंत्रज्ञ आणि रस्त्यावरील एक पादचारी असे पाच जण गेले. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा मी येथे करत नाही. पण त्या दिवसापासून हँगरमधून बाहेर पडणारे पहिले उड्डाण मी कधी नेहमीचे मानले नाही. मोठ्या कामानंतर ते दिवसा, स्वच्छ हवेत, धावपट्टीच्या जवळपास आणि प्रवाशांविना व्हावे, आणि त्यासाठी मालकाने आपल्या कार्यक्रमात निदान दोन दिवस मोकळे ठेवावेत.

राज्यातील फ्लाइंग क्लबांनी मराठीत एक साधा तक्ता छापून प्रत्येक मालकाला द्यावा: शिल्लक तास, एडींची स्थिती, लेखी स्नॅग, उभे राहिलेले दिवस. तो तयार करायला मी विनामूल्य मदत करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, पुणे