उजळलेल्या गुठळीखाली काय लिहावे?

महोदय,

प्राण्यांच्या मेंदूतील रक्ताची गुठळी प्रतिदीप्तीने (विशिष्ट प्रकाश पडताच द्रव्याने स्वतः वेगळ्या रंगात चमकण्याने) उजळून दाखवणारी छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येतात, तेव्हा पक्षाघाताच्या रुग्णांचे नातेवाईक 'हा उपचार आपल्याकडे कधी येणार?' असे आशेने विचारतात. विकृतिशास्त्राचा निवृत्त शिक्षक या नात्याने त्याविषयी लिहावेसे वाटते.

गुठळी स्वतः चमकत नसते. रक्तद्रवात प्रतिदीप्त द्रव्य सोडले, तर वाहते रक्त उजळते आणि प्रवाह अडलेली जागा काळी दिसते. तेच द्रव्य फायब्रिनला (गुठळीतील प्रथिनाच्या धाग्यांना) किंवा प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींना) चिकटणारे असेल, तर गुठळीच उजळते. त्यामुळे नेमके काय उजळले आहे, हे चित्राखाली लिहिलेले नसेल तर वाचकाचा उलटा समज होऊ शकतो. आमच्याच प्रयोगशाळेत मेंदूच्या एका कापातील उजळ रक्तवाहिनी पाहून, गुठळी सापडली म्हणून विद्यार्थी हरखले होते. पण त्या प्राण्याच्या रक्तवाहिन्या सलाईनने नीट धुतल्या गेल्या नव्हत्या आणि ते रक्त मृत्यूनंतर साकळलेले होते.

गुठळी कशी तयार केली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. संशोधक वॉटसन व सहकाऱ्यांनी 1985 मध्ये मांडलेल्या पद्धतीत उंदराच्या शिरेत 'रोझ बेंगाल' नावाचा रंग सोडून कवटीवर हिरवा प्रकाश टाकतात. त्याने वाहिनीच्या अस्तराला इजा होऊन गुठळी धरते. ती मुख्यतः प्लेटलेट्सची असते, तर रुग्णाला दिले जाणारे टीपीए हे गुठळी विरघळवणारे औषध फायब्रिन विरघळवते. अशा उंदरावरून त्या औषधाची पारख करणे धोक्याचे आहे.

तरीही या तंत्राचे मोल मोठे आहे. संशोधक ग्रुट्झेंडलर यांच्या गटाने 2010 मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत पाहिले, की न विरघळलेल्या सूक्ष्म गुठळ्यांना केशवाहिनीचे अस्तर वेढून घेते आणि हळूहळू वाहिनीबाहेर ढकलते, त्यामुळे प्रवाह पुन्हा सुरू होतो. वयस्क उंदरांत मात्र हे फार सावकाश घडते. ही घडामोड मेलेल्या मेंदूचे काप पाहून इतक्या स्पष्टपणे कधीच उलगडली नसती.

म्हणून विनंती, की अशा चित्राखाली प्राणी कोणता, मेंदू जिवंत की काप, आणि रंग कशाला लागला आहे, एवढे तरी छापावे. माणसाच्या कवटीतून हा प्रकाश असा आरपार नेता येत नाही. रुग्णासाठी आजही सीटी स्कॅन आणि एमआरआय हेच मार्ग आहेत, आणि गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हेही त्याच बातमीत यावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, मिरज